सातव्या आवाजाची चोरी

१

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली फिरली, दार उघडलं, आणि आतली डबी उचलल्याबरोबर चिवटचा चेहरा पांढराफटक पडला. डबी हलकी होती.

"बाई," तो म्हणाला, "डिस्क नाही."

बाई ध्वनिकक्षाच्या कोपऱ्यात, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी त्या विभागात यायच्या. जुन्या ध्वनिफिती साफ करते, असं सांगायच्या. खरं कारण हे, की घरी त्यांच्याशी बोलायला कोणी उरलं नव्हतं. ध्वनिशास्त्र शिकवण्यात हयात गेली होती. नव्या विद्यार्थ्याची दोन वाक्यं ऐकून त्या त्याचं आजोळ सांगत, आणि ते क्वचितच चुकायचं.

चिवट हा विभागातला संशोधक. हे नाव त्याला बाईंनीच दिलेलं. जन्माला आला तो मुलगी म्हणून. कागदोपत्री नाव अजून मुलीचंच होतं, आणि ते बदलून मिळावं म्हणून केलेला त्याचा अर्ज कार्यालयातून दर वेळी नवी त्रुटी काढून परत यायचा. संशोधकांच्या खोलीच्या दारावर बाकी सगळ्यांच्या पाट्या होत्या. त्याच्या जागी नुसते दोन स्क्रू. त्याच्या प्रबंधाचा विषयही त्याच्यासारखाच, कोणाला न पचणारा: बाईवर प्रेम केलं म्हणून बाईला, पुरुषावर केलं म्हणून पुरुषाला, किंवा अंगाला न शोभणारे कपडे घातले म्हणून ज्यांना कॉलेजांनी आणि वसतिगृहांनी बाहेर काढलं, शिक्षण सोडायला लावलं, अशांच्या आठवणी. त्याने त्यांना शोधून काढलं, बोलतं केलं. कोणाचंही नाव नाही. आवाज पहिला, आवाज दुसरा, असेच ते ओळखले जात.

ते सगळे आवाज त्या एका डिस्कवर होते, आणि त्यांची दुसरी प्रत काढायला बंदी होती. बाकी संशोधक आपापली कामं घरच्या संगणकावर ठेवत. फक्त चिवटच्या कामाला कुलूपबंद कपाट. 'विषय नाजूक आहे' म्हणून.

"व्हायवा उद्या दुपारी आहे," चिवट म्हणाला. 

विभागप्रमुख लगबगीने आले, रिकामी डबी पाहिली आणि घाम पुसला. "मूळ ध्वनिमुद्रण नसेल तर व्हायवा होणार नाही. नोंदणीची मुदत संपतेय, वाढवून मिळणार नाही. माझा नाइलाज आहे." मग बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "पोलिसांत गेलं तर बोभाटा होईल. तुम्ही घरच्या. जरा बघता का?"

बाईंनी होकार दिला. पण त्यांची नजर प्रमुखांवर नव्हतीच. ती टेबलावरच्या यंत्रावर खिळली होती. यंत्राचा बारीक हिरवा दिवा अजून जळत होता. कोणीतरी ते बंद करायला विसरलं होतं.

२

ध्वनिकक्षाचा तंत्रज्ञ आला तो कुरकुरतच. "माझ्याकडे बघू नका. किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, दुसरी कार्यालयातल्या फळीवर. ती दिवसभर तिथे लटकत असते, येणाराजाणारा कोणीही काढून नेईल. आणि जेवायच्या सुट्टीत मी खाली असतो, खोली उघडीच."

"हे यंत्र रात्रभर चालू होतं?"

"मी बंद करतो हो रोज." तो पडद्यापाशी वाकला. मग म्हणाला, "काल दुपारी कोणीतरी ऐकत बसलं होतं. डिस्क काढून घेतली, पण पडद्यावरची खिडकी बंद केली नाही. हे बघा, सातवा आवाज. आणि हे काय..."

पडद्यावरच्या लांबलचक पट्टीत एक बोटभर तुकडा रंगवलेला होता. शेजारी पुनरावृत्तीची खूण.

"म्हणजे एवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजवला," तंत्रज्ञ म्हणाला. "काही सेकंदांचा. संपला की परत पहिल्यापासून. हेडफोनचा आवाजही पार वर चढवलाय."

"डिस्क नेऊन कोणी घरी ऐकू शकतं?"

"छे! कुलूप घालून ठेवलंय मी. ह्या यंत्राशिवाय ती उघडतच नाही. सरांनीच सांगितलं होतं तसं करायला. बाहेर ती म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा."

तो गेल्यावर बाई त्या रंगवलेल्या तुकड्याकडे बघत बसल्या. तंत्रज्ञाने चोरी केली असती, तर ही खूण पुसायला त्याला एक बटण पुरे होतं. तो यातून सुटला. पण त्या तुकड्याने त्यांना दुसऱ्याच कोणाचीतरी आठवण करून दिली होती.

त्यांच्या घरी ती होती. वीस-बावीस वर्षं, ती वारेपर्यंत. विभागात तिला 'बाईंची भाडेकरू' म्हणत आणि मागे वळून हसत. बाईंनी जगभरचे आवाज टिपले. रस्त्यावरच्या आरोळ्या टिपल्या, शेजारचा पाण्याचा पंप कसा घरघरतो तेसुद्धा टिपलं. तिचा आवाज मात्र कधी टिपला नाही. ती रोजचीच होती ना! आता तिच्या हाका आठवून पाहताना त्यांना शब्द आठवत. सूर हातातून निसटून जाई.

कोणीतरी काही सेकंद पुन्हापुन्हा ऐकत होतं. असं कोण ऐकतं, हे बाईंना फार चांगलं ठाऊक होतं.

पण तेवढ्यात चिवटने येऊन सांगितलं, की ज्या माणसावर थेट बोट ठेवलंय असा डिस्कवर एकच आवाज आहे, आणि तो सातवा. बोट ठेवलंय ते विभागप्रमुखांवर.

३

"हो, मीच होतो तेव्हा वसतिगृहांचा प्रमुख," सर म्हणाले. दार लावून घेतलं होतं त्यांनी. "दोन मुली एका खोलीत नको तशा सापडल्या. तक्रार आली. मी सही केली. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

 कितीतरी वर्षं एकाच विभागात काढलेल्या माणसाला तो प्रश्न बाईंना विचारताना काहीच वाटलं नव्हतं, एवढं फक्त त्यांनी पाहिलं.

"कोण होती ती मुलगी?"

"आता आठवत नाही. त्या काळात बऱ्याच सह्या केल्या. पण प्रबंधात छापलंय ना सगळं: 'त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.' मी! म्हणून म्हणतो, नावं द्या. उद्या परीक्षकांसमोर मी हेच विचारणार. नाव नाही तर आरोप कसला?"

"आणि डिस्क मिळालीच नाही तर? तुम्ही सुटलात."

सर लालबुंद झाले. "बाई, तसं असतं तर मी एक दिवस थांबलो नसतो का? व्हायवा झाली की ती डिस्क पुसायचीच आहे. समितीचा ठराव आहे, कार्यालयातून पत्रही निघालंय. आणि छापलेला प्रबंध परीक्षकांकडे केव्हाच पोचलाय. डिस्क चोरून मला काय मिळणार?"

बाई जिन्यापाशी येऊन थांबल्या. माणूस पटण्यासारखा नव्हता, पण मुद्दा पटण्यासारखा होता. डिस्क नष्ट व्हावी असं ज्याला वाटतं त्याने नुसतं हातावर हात ठेवून बसायचं होतं. म्हणजे चोराला ती नष्ट व्हायला नको होती. आणि ती बाहेर उघडत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. सरांना ते पक्कं ठाऊक होतं.

मग उरलं कोण?

४

कार्यालयातल्या अधीक्षकबाईंचं टेबल म्हणजे आरसा. कागदाला कागद लागून, टाचणीला टाचणी. बाईंचं आणि त्यांचं फारसं सख्य नव्हतं. 'ती' गेली तेव्हा बाई सुतकी चेहऱ्याने रजा मागायला आल्या होत्या, आणि ह्याच टेबलामागून प्रश्न आला होता, "मयताशी नातं?" बाई काही बोलू शकल्या नव्हत्या. दोन दिवसांची किरकोळ रजा मिळाली.

आज मात्र अधीक्षकबाईंनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"फळीवरची किल्ली? असते की तिथे. मी काय राखण करत बसू? मला एवढी कामं. आणि खरं सांगू का बाई, ह्या पोरीनं..."

"पोराने," बाई म्हणाल्या.

"तेच ते. कागदावर जे आहे ते मी म्हणणार. नियम म्हणजे नियम."

"तुम्ही ऐकलेत का ते आवाज? मागे चर्चासत्रात थोडे वाजवले होते."

"मी कुठे जाते असलं ऐकायला? माझ्याकडे कागद येतात, मी कागद बघते. पण मी म्हणते, संशोधन म्हणून माणसाचे हाल करायचे का? एवढा खोकला झालेला, धड श्वास घेता येत नाही, तरी प्रश्नावर प्रश्न! माणुसकी आहे की नाही?" त्या एकदम थांबल्या. कप बाईंपुढे सरकवला. "घ्या ना बाई, निवेल हं."

शेवटचा 'हं' त्यांनी वर उचलला, जिन्याच्या पायरीवर पाऊल ठेवावं तसा. बाईंच्या कानाला सवय होती, त्याने तो सूर टिपून घेतला.

"तुमची मुलगी कशी आहे?" बाईंनी सहज विचारलं.

"मजेत. लांब असते," अधीक्षकबाई म्हणाल्या, आणि टाचण्यांची डबी उघडून पुन्हा बंद केली.

५

चिवट संशोधकांच्या खोलीत डोकं धरून बसला होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या.

"सातव्या आवाजात कोणी खोकतं का रे?"

"ती स्वतःच. बोलायला बसली तेव्हा तिला चांगलाच खोकला झाला होता. मी म्हणालो, पुन्हा केव्हातरी करू. तर म्हणाली, आज नाही बोलले तर कधीच बोलणार नाही."

"प्रबंधात लिहिलंस ते?"

"खोकला? नाही. त्याचा काय संबंध?"

बाईंनी डोळे मिटले. मग उघडून विचारलं, "पट्टीच्या मध्याच्या थोडं पुढे काय आहे? एक छोटा तुकडा. तिथे ती सरांबद्दल बोलते का?"

"नाही, ते अगदी सुरुवातीला. मधे..." त्याने आठवलं. ते आवाज त्याने इतके ऐकले होते की त्याला तोंडपाठ होते. "मधे काहीच नाही तसं. मी विचारलं, घरचं काय आठवतं? ती हसली. म्हणाली, काही नाही, संध्याकाळी आई हाक मारायची ते. आणि तिने नक्कल करून दाखवली."

"तशीच करून दाखव."

चिवटने घसा साफ केला, मान तिरकी केली आणि अगदी वेगळ्याच, प्रेमळ आवाजात म्हणाला, "ये गं, ताट वाढलंय, निवेल हं."

शेवटचा 'हं' वर गेला, आणि तिथेच राहिला.

बाई इतक्या झटकन उठल्या की खुर्ची मागे कलंडली.

६

दुपारची सुट्टी झाली होती. कार्यालयात अधीक्षकबाई एकट्याच होत्या. डबा समोर होता, उघडलेला नव्हता. बाई आत आल्या, मागोमाग चिवट. बाईंनी दार लोटून घेतलं.

"आम्ही आधी उलट्या बाजूने विचार केला," बाई उभ्यानेच म्हणाल्या. "चोराला आवाज बंद पाडायचा आहे, असं धरून चाललो. पण आवाज बंद पाडणारा तो ऐकत बसत नाही. पुरावा हवा असलेला माणूस सरांबद्दलचा भाग ऐकेल, एकदाच, आणि लिहून घेईल. हा तुकडा पुन्हापुन्हा वाजवला. त्यात कोणावर आरोप नाही, कोणाचं गुपित नाही. एक मुलगी हसते आणि आईची नक्कल करते. जगात त्या तुकड्याची किंमत एकाच माणसाला असणार. डिस्क पुसायचं पत्र तुमच्याच हातून गेलं. ती इथल्या यंत्राशिवाय उघडत नाही, हे मात्र तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या मुलीला खोकला झाला होता, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. ते कानांनाच कळतं."

 अधीक्षकबाईंनी डब्याच्या पिशवीत हात घातला, सुती रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली. आत डिस्क होती.

"काल रात्रभर उशाशी घेऊन झोपले," त्या म्हणाल्या. "भाच्याच्या संगणकाला लावून पाहिली. काही वाजलं नाही."

त्यांचा बांध फुटायला वेळ लागला, आणि फुटला तो आवाज न करता. चर्चासत्राच्या दिवशी फाइल घेऊन दारावरून जाताना त्यांच्या कानावर तो आवाज पडला होता. पाय तिथेच थिजले. पुढे रोज जेवायच्या सुट्टीत त्या ध्वनिकक्षात जाऊन बसत. मुलीला वसतिगृहातून काढलं तेव्हा त्या दुसऱ्या विभागात होत्या. नोकरीत त्यांनी माहेरचं आडनाव ठेवलेलं, मुलगी बापाचं लावायची, म्हणून सरांना कधी पत्ता लागला नाही. मुलगी घरी आली. बापाने उंबरा ओलांडू दिला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"उभी होते नुसती," त्या म्हणाल्या. "तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं वाटलं असेल तिला. पुढे तिचे वडील गेले. म्हटलं, आता येईल. कुठे शोधू? इथे बदली झाली तर सगळे म्हणाले, नाही म्हण, काम फार आहे. मी आले. तिचं शेवटचं ठिकाण हेच ना."

"आणि त्याच सरांपुढे रोज फाइल धरत होतात?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"पोट आहे ना बाई. आणि भीतीही." त्यांनी चिवटकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "कशी दिसते? बारीक झालीय का? कुठे असते?"

चिवटच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्याने नकारार्थी मान हलवली.

"ते मी सांगू शकत नाही."

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच. मी शब्द दिलाय, की कोणालाही सांगणार नाही. सरांना नाही, तुम्हालाही नाही. उद्या सरांनी नावं मागितली तर मी ह्याच शब्दावर उभा राहणार आहे. आज तुमच्यासाठी मोडला तर उद्या कशावर उभा राहू?" त्याने टेबलावरची डिस्क उचलली. "तुमचा निरोप मात्र पोचवतो. उत्तर द्यायचं की नाही, हे तिने ठरवायचं."

अधीक्षकबाईंनी पदराने चेहरा पुसला. मग बाईंना म्हणाल्या, "हा पोरगा नावाप्रमाणेच आहे."

'पोरगा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, आणि बोलून झाल्यावर तो परत घ्यावा असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

"चोरीचं काय सांगायचं?" चिवटने बाहेर आल्यावर विचारलं.

"डिस्क सापडली, एवढंच," बाई म्हणाल्या. "हरवलेली वस्तू सापडली की ती कुठे होती हे फार विचारत नाहीत लोक. त्यांना उद्याची काळजी असते."

पण उद्याची खरी काळजी बाईंनाच लागली होती.

७

व्हायवाला खोली भरली होती. ध्वनिकक्षातून आणलेल्या यंत्रावर आवाज वाजवले गेले तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बारीक चणीच्या, कडक नजरेच्या होत्या. त्यांनी चिवटला तासभर प्रश्नांनी घेरलं, आणि तो पुरून उरला. मग विभागप्रमुख उठले.

"काम मेहनतीचं आहे. पण हे आवाज खरे कशावरून? नावं द्या. निदान एक. एक तरी माणूस उघडपणे म्हणेल का, की ह्या विभागात मला बाहेर ठेवलं गेलं?"

चिवट बाटलीतलं पाणी प्यायला. "नावं देणार नाही, सर."

"मग संपलंच!"

बाई मागच्या रांगेत होत्या. गुडघे दुखत होते, आणि उठताना त्यांना समोरच्या खुर्चीची पाठ धरावी लागली.

"गेल्या वर्षी ह्याच खोलीत दारूच्या व्यसनावर प्रबंध झाला," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकाचं तरी नाव कोणी विचारलं? कोणाचं ध्वनिमुद्रण पुसायचा ठराव झाला? ह्याच मुलाच्या कामाला कपाट, ह्याच्या कामाला कुलूप, ह्याच्याच दाराला पाटी नाही. आणि नावच हवं असेल, सर, तर माझं घ्या."

खोलीत चुळबुळ झाली. कोणीतरी हळूच "बाई, बसा" म्हणालं.

"तुम्ही सगळे तिला माझी भाडेकरू म्हणायचात. ती माझी भाडेकरू नव्हती. आम्ही एका ताटात जेवलो, एका छपराखाली म्हाताऱ्या झालो. ती गेली तेव्हा मी इथे रजा मागायला आले, तर मयताशी नातं काय ते मला सांगता आलं नाही. तिच्या शोकसभेत मी तिसऱ्या रांगेत बसले, कारण पहिल्या दोन नातेवाइकांसाठी होत्या. मला कोणी काढून टाकलं नाही. मी शहाणी होते, गप्प राहिले, म्हणून टिकले. पण टिकणं म्हणजे आत असणं नव्हे. लिहून घ्या. आवाज खरे आहेत."

त्या बसल्या.  कितीतरी वर्षांचे सहकारी त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्यातला एक, जो 'भाडेकरू'वरच्या हास्यविनोदात पुढे असे, मान खाली घालून बसला होता.

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी ह्या प्रबंधाची शिफारस करते. आणि ध्वनिमुद्रण पुसायच्या ठरावाला माझा लेखी विरोध नोंदवा. हे आवाज ज्यांचे आहेत त्यांना विचारल्याशिवाय त्यांना कोणी हात लावायचा नाही."

सर खाली बसले. समितीचे बाकी सदस्य एकमेकांकडे पाहून हळूहळू माना डोलवू लागले.

बाहेर व्हरांड्यात अधीक्षकबाई उभ्या होत्या. बाई जवळून जाताना त्यांनी बाईंचा हात धरला, घट्ट, आणि कोणी यायच्या आत सोडला.

"मी तेव्हा नातं विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"काय लिहायला हवं होतं?"

बाईंनी विचार केला. इतकी वर्षं त्या उत्तर शोधत होत्या, आणि आता ते फार सोपं वाटलं. "माझी माणूस," त्या म्हणाल्या.

८

निरोप गेला. अधीक्षकबाईंनी तो लिहून दिला नाही. चिवटला समोर बसवून तोंडी सांगितला, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा जमलं. मग वाट पाहणं सुरू झालं. त्या कामात चुका करू लागल्या. चिवटचा अर्ज एका सकाळी त्यांनी स्वतः उचलला, सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि सही होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

एका दुपारी चिवट ध्वनिकक्षात आला. बाई होत्या, अधीक्षकबाईही होत्या. हल्ली जेवायच्या सुट्टीत त्या तिथेच डबा खात, बाईंना अर्धी पोळी देत.

"फोन झाला," तो म्हणाला.

दोघींचेही घास हातातच राहिले.

"सगळं ऐकून घेतलं तिने.  मी म्हटलं, काय सांगू? तर म्हणाली, 'सांग, अजून नको.'"

अधीक्षकबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, त्यांनी पुन्हा लावलं. खिडकीतून खालच्या पटांगणातला मुलामुलींचा कलकलाट वर येत होता.

"'नको' म्हणाली," त्या शेवटी म्हणाल्या.

"'अजून नको' म्हणाली," बाई म्हणाल्या.

अधीक्षकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चिवटकडे वळल्या, आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसल्या.

"कसं म्हणाली रे? 'अजून' वर जोर होता की 'नको' वर?"

चिवटने आठवायचा प्रयत्न केला. बाईही पुढे वाकल्या.

"थांबा," तो म्हणाला, "म्हणून दाखवतो."